सव्वीस वेळा ‘त्याची दया सनातन आहे’

रानजाई (धागाकर्ती), रविवार रात्री ११.४०

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू मूळच्या नगर जिल्ह्यातल्या, ख्रिस्ती. एकोणीस वर्षांचा शेजार. नाताळात त्यांच्या करंज्या आमच्याकडे, दिवाळीत आमच्या त्यांच्याकडे, आणि कुणाच्या जास्त खुसखुशीत यावरून दोन्ही घरांत दरवर्षी तोच वाद. त्यांचा थोरला मुलगा महिन्यापूर्वी गेला. चोवीस वर्षांचा होता. बाइक, पाऊस, रात्र. जास्त लिहीत नाही.

आज संध्याकाळी गच्चीवर स्मरणसभा होती. सतरंज्या, मंडपवाल्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्या, पेटी, ढोलकी. दोन भजनं झाली (चाली ऐकून मला आधी वाटलं आपलाच हरिपाठ चाललाय). मग पाळकसाहेबांनी १३६ वं स्तोत्र घेतलं. अर्धी ओळ ते म्हणायचे, उरलेली अर्धी सगळी मंडळी. ती अर्धी दर वेळी तीच: ‘कारण त्याची दया सनातन आहे.’ पहिल्या चार-पाच वेळा पाढे म्हटल्यासारखं वाटलं. मग माझं लक्ष काकूंकडे गेलं. त्या खुर्चीत बसल्याच नव्हत्या. कठड्याला टेकून सतरंजीवर, मांडीवर मिटलेलं पुस्तक. आवाज ऐकू येत नव्हता, पण दर ओळीला ओठ हलत होते.

मग पाळकांनी वाचलं, की त्याने मिसर देशातले (म्हणजे इजिप्तमधले) प्रथम जन्मलेले मारले. सगळे म्हणाले, कारण त्याची दया सनातन आहे. काकू म्हणाल्या नाहीत. समोरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत राहिल्या. पुढच्या ओळीला परत ओठ हलायला लागले.

घरी आल्यावर स्तोत्र शोधून काढलं. २६ ओळी, २६ वेळा तेच पालुपद. काकू गप्प राहिल्या ती दहावी.

माझा प्रश्न सरळ आहे. ख्रिस्ती माणसं देवाच्या अढळ, कधी न खुंटणाऱ्या प्रेमाबद्दल बोलतात तेव्हा त्यांना नेमकं काय म्हणायचं असतं? जिचा पोरगा गेला त्या बाईने हे पंचवीस वेळा म्हणावं, ही सवय की मनाची समजूत? की मला न दिसणारं काही त्यात आहे? वाद पेटवायला धागा काढलेला नाही. काकूंना विचारायचा धीर होत नाही म्हणून इथे विचारतेय.

कोरडा_ठणठणीत, रविवार रात्री ११.५८

रुमाल टाकून ठेवतो.

काकूंबद्दल मनापासून वाईट वाटलं. पण रानजाई, दहाव्या ओळीवर थांबू नका, पुढेही वाचा. सतरा ते वीस. मोठमोठे राजे मारले, त्याची दया सनातन. अमोऱ्यांचा राजा सीहोन मारला, त्याची दया सनातन. बाशानचा राजा ओग मारला, त्याची दया सनातन. ओगच्या आईला विचारलं असतं तर? हे प्रेम अढळ असेल, पण ते एका टोळीपुरतं आहे. बाकीच्यांसाठी तीच दया म्हणजे तलवार.

ज्ञानोदयवाचक, सोमवार सकाळी ७.१५

मी नगरचाच. रविवारच्या शाळेत मुलांना शिकवण्यात तीस वर्षं गेली, त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आधी शब्दाबद्दल. आपल्या जुन्या भाषांतरात ‘दया’ आहे, तिथे मूळ हिब्रू शब्द हेसेद. दया म्हटलं की आपल्याला वरून खाली टाकलेलं नाणं दिसतं. हेसेद तसा नाही. ज्याच्याशी नातं जोडलं, शब्द दिला, त्याच्याशी तो शब्द निभावणं, आणि तेही समोरचा निभावत नसताना, असा त्याचा अर्थ आहे. ममता आणि इमान एकाच शब्दात. मराठीत त्याला नेमका शब्द नाही, इंग्रजीतही नव्हता. १५३५ साली कव्हरडेलने बायबलचं भाषांतर करताना दोन शब्द जोडून एक नवाच घडवला. मोबाइलवर मिळणाऱ्या एका अलीकडच्या मराठी भाषांतरात ‘कराराची विश्वसनीयता’ असं काहीसं आहे. अर्थाने बरोबर, पण ढोलकीवर म्हणून दाखवा!

हा शब्द नात्यातला आहे हे कळायला रूथची गोष्ट घ्या. नवरा गेला, मुलं नाहीत, परक्या मुलखातली सून. सासू नामी तिला म्हणते, तू तुझ्या माहेरी परत जा. रूथ जात नाही. सासूला सोडायचा तिला पूर्ण हक्क होता, कायदा तिच्या बाजूने होता, तरी ती राहिली. बवाज, ज्याच्याशी तिचं पुढे लग्न होतं, तो तिच्या वागण्याला जो शब्द वापरतो तो हाच.

आता मुख्य मुद्दा. देवाने स्वतःबद्दल हा शब्द कधी उच्चारला ते बघा. बायबलमधलं निर्गम हे पुस्तक, अध्याय ३४. त्याच्या दोनच अध्याय आधी लोकांनी सोन्याचं वासरू करून त्यापुढे नाच केलाय, मोशेने दगडी पाट्या फोडल्यात. देवाशी केलेला करार मोडून चोवीस तास झाले नसतील अशी परिस्थिती. (खरं तर मध्ये काही दिवस गेले, मी चढवून सांगतोय.) नव्या पाट्या घेऊन मोशे परत डोंगरावर जातो तेव्हा देव आपलं वर्णन करतो: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, हेसेदने भरलेला. आम्ही ख्रिस्ती लोक ‘न खुंटणारं’ म्हणतो ते या अर्थाने. करार दोघांचा होता, एकाने मोडला, दुसऱ्याने तरी मोडला नाही.

रानजाईंच्या प्रश्नाकडे येतो. हेच प्रेम सगळ्यात ठाम शब्दांत बायबलमध्ये कुठे सांगितलंय? विलापगीतात. यरुशलेम इ. स. पू. ५८७ च्या सुमारास बाबेलने (बॅबिलॉनने) जाळलं, मंदिर गेलं, वेढ्यात उपासमार इतकी की त्यातली काही वर्णनं मी मुलांना वाचून दाखवत नाही. त्या पुस्तकात तिसऱ्या अध्यायात येतं की परमेश्वराच्या दयेमुळे आपण संपलो नाही, त्याची करुणा रोज सकाळी नवी होते. लोक हे वचन चौकटीत घालून दिवाणखान्यात लावतात. त्याच्या आजूबाजूचं कुणी वाचत नाही.

आणि त्याची रचना बघण्यासारखी आहे. हिब्रू अक्षरं २२. हा अध्याय ६६ ओळींचा, प्रत्येक अक्षराला तीन ओळी, क्रमाने. म्हणजे कवी दुःखाला अ-आ-इ-ई करत पुढे चाललाय. आठवं अक्षर येतं तेव्हा, बाविसाव्या ओळीला, तो हेसेद हा शब्द टाकतो.

कोरडा_ठणठणीत, सोमवार सकाळी ९.०२

म्हणजे अक्षर आलं म्हणून शब्द आला! आमचा मुद्दा तुम्हीच मांडलात सर.

शनवारतेली, सोमवार दुपारी १.३०

मुद्दाम लॉगिन झालो.

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी यहुदी. आजोबा अलिबागजवळच्या गावचे, घाण्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. आता आम्ही इथे इस्राएलात, लोदला. घरात अजून मराठी बोलतो, नातवंडं हसतात.

ठणठणीतसाहेब, ते अक्षर ‘ह’ नाही, घशातून काढायचा ‘ख’ आहे. आम्ही खेसेद म्हणतो. आता त्याच अक्षराने सुरू होणारे दुसरे शब्द ऐका. खोशेख, म्हणजे अंधार. खेरेव, म्हणजे तलवार. खेमा, म्हणजे संताप. शहर जळून गेलेल्या माणसाला यातला कुठलाही चालला असता. अंधार तर त्याने त्याच अध्यायात दुसऱ्या ओळीला वापरून झालाय. अक्षर आलं तेव्हा त्याच्या हातात हे सगळे शब्द होते, त्याने खेसेद उचलला.

तुमचं हे १३६ वं स्तोत्र मुळात आमचं. आम्ही दर शनिवारी सकाळी म्हणतो, आणि वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाच्या, रात्री जेवणानंतरही. ‘की लेओलाम खासदो.’ आमच्या आजीला हिब्रूचं अक्षर वाचता येत नव्हतं, पण हे पालुपद ती रांधताना गुणगुणायची.

ओगच्या आईचं म्हणालात. प्रश्न बरोबर आहे, आणि तुमच्याआधी आमच्या लोकांना पडलेला आहे. वल्हांडणाच्या रात्री मिसरावर आलेल्या दहा पीडांची नावं घेतो तेव्हा प्रत्येक नावाला पेल्यातून द्राक्षारसाचा एक थेंब बाहेर टाकतो. दुसऱ्याच्या दुःखावर आपला पेला पूर्ण भरलेला नको. तालमुद या आमच्या जुन्या धर्मग्रंथात एक गोष्ट आहे: मिसरी सैन्य समुद्रात बुडत होतं तेव्हा देवदूत गायला निघाले. देव म्हणाला, माझ्या हातची माणसं बुडतायत आणि तुम्ही गाताय? आणखी एक. वल्हांडणाच्या आदल्या दिवशी घरातल्या थोरल्या मुलाने उपास धरायचा असतो. मिसराचे थोरले गेले आणि आपले वाचले म्हणून. मी थोरला. लहानपणी फार राग यायचा, धाकटा समोर बसून खायचा.

तुमच्या काकू त्या ओळीला गप्प राहिल्या हे वाचून म्हणून थांबलो. बाईंनी चुकीचं काही केलेलं नाही.

अजून एक सांगून जातो. मेलेल्या माणसाला न्हाऊ घालणं, पुरणं, याला आम्ही खेसेद शेल एमेत म्हणतो, खरी खेसेद. कारण तो माणूस कधीही परतफेड करू शकत नाही.

चौकस_चक्रम, सोमवार दुपारी २.१०

धर्मप्रचाराचा धागा दिसतोय. संपादक लक्ष देतील का?

रानजाई, सोमवार दुपारी २.२५

चक्रम, मी गौरी-गणपतीवाली आहे, आणि आत्ता वरच्या प्रतिसादात एक यहुदी आजोबा ख्रिस्ती लोकांना सांगतायत की हे स्तोत्र आमचं. यात प्रचार कोण कुणाचा करतंय?

शनवारतेली, दंडवत. द्राक्षारसाच्या थेंबाचं वाचून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

आळंदीवाट, सोमवार सायंकाळी ६.४०

छान चाललीय चर्चा. मला यात परकं काहीच वाटत नाही. आपण विठोबाला माउली म्हणतो ते काय वेगळं? लेकरू कसंही असो, आई टाकत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक तर म्हणायचेच की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. १८९५ साली बाप्तिस्मा घेतला पण अभंग सोडला नाही. रानजाईंना भजनाची चाल ओळखीची वाटली, त्यामागे टिळकांचा हात मोठा आहे.

ज्ञानोदयवाचक, सोमवार रात्री ८.०५

आळंदीवाट, अगदी बरोबर, आणि तुम्हाला आवडेल अशी गंमत सांगतो. विलापगीताच्या त्याच ओळीत हेसेदच्या जोडीला दुसरा शब्द आहे, ‘करुणा’ असं भाषांतर होतं तो. मूळ रहमीम. तो गर्भाशयाच्या शब्दावरून आलाय. म्हणजे एका ओळीत शब्दाला जागणारा आणि पोटात कळ येणारी, दोन्ही आहेत. यशयात तर देव विचारतो, आई तान्ह्या बाळाला विसरेल का? आणि स्वतःच म्हणतो, ती विसरेलही एखादे वेळी, मी विसरणार नाही.

फरक मला एका ठिकाणी जाणवतो. माउलीकडे लेकरू धावतं, हा आपल्या अभंगांचा मोठा भाव. होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकात धावाधाव उलट दिशेने आहे. बायको सोडून गेली, दुसऱ्याच्या घरी राहिली, आणि देव होशेयला सांगतो की जा, पैसे मोजून तिला परत आण. त्याने मोजले पंधरा शेकेल रुपं आणि वर काही जव. एकरकमी चांदी जमली नसावी, उरलेलं धान्यात दिलं असावं, असं मला नेहमी वाटतं. प्रेमाची इतकी अवघडलेली गोष्ट क्वचित कुणी धर्मग्रंथात ठेवली असेल.

आळंदीवाट, सोमवार रात्री ८.३०

माउलीही धावते हो सर, वारीला या एकदा. पण जव मोजणारा नवरा डोळ्यांपुढून जात नाही हे खरं.

केळीच्या_बागेतून, सोमवार रात्री १०.५०

मी वसईचा, कॅथलिक. आमच्याकडे पवित्र शास्त्रातले आकडे प्रॉटेस्टंटांइतके कुणाला पाठ नसतात, ज्ञानोदयसर रागावू नका.

इथे सगळे जुन्या करारातच अडकलेत म्हणून थोडं पुढचं. शुभशुक्रवारी आमच्या चर्चमध्ये दुपारी पाय ठेवायला जागा नसते. क्रुसावरून येशू बोलला त्या सात वाक्यांपैकी एक असं: ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ लहानपणी मला वाटायचं हे वाक्य चुकून राहिलंय. देवाच्या मुलानेच असं म्हटल्यावर आम्ही काय बोलायचं? आता त्याच वाक्यामुळे टिकून आहे. रानजाई, तुम्ही विचारता काकूंना हे म्हणवतं कसं. ज्याच्यावर त्यांचा विश्वास आहे तोही एका ओळीपाशी अडला होता.

दुसरं, येशूचा शिष्य पेत्र, त्याचं. आम्ही किनाऱ्यावरचे, म्हणून हा प्रसंग आम्हाला जवळचा. येशूला पकडून नेलं त्या थंडीच्या रात्री पेत्र अंगणात शेकोटीशी उभा राहून तीनदा म्हणाला, मी या माणसाला ओळखत नाही. पुढे क्रूस, पुनरुत्थान सगळं होतं, पेत्र परत मासेमारीला जातो, रात्रभर जाळ्यात काही नाही. पहाटे किनाऱ्यावर कुणीतरी विस्तव पेटवून मासे भाजतोय. तो येशू. योहानाने आपल्या शुभवर्तमानात दोन्ही ठिकाणी कोळशाच्या विस्तवासाठी एकच ग्रीक शब्द वापरलाय, आणि अख्ख्या नव्या करारात तो शब्द या दोनच जागी आहे. ज्याच्या घरी मासे भाजतात त्याला सांगायला नको, कोळशाचा वास आला की माणूस क्षणात कुठच्या कुठे पोचतो. पेत्राला त्या पहाटे कुठली रात्र आठवली असेल! येशूने त्याला त्या रात्रीबद्दल एक शब्द विचारला नाही. आधी म्हणाला, या, न्याहारी करा. मग तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का? तीन नकारांना तीन प्रश्न.

जाळ्यात मासे किती होते तेही योहानाने लिहून ठेवलंय: १५३. हे मोजणारा माणूस कोळीच असणार.

कोरडा_ठणठणीत, सोमवार रात्री ११.२०

केळीवाले, सुंदर लिहिलंय, मान्य. पण मग नरकाचं काय? प्रेम कधीच खुंटत नाही आणि शिवाय कायमची आग, हे दोन्ही एका पिशवीत कसं बसवता?

केळीच्या_बागेतून, मंगळवार सकाळी ६.५५

बसवताना आमच्यातलेही घामाघूम होतात. कुणी म्हणतं नरकाचं दार आतून लावलेलं असतं, कुणी म्हणतं शेवटी सगळे घरी येतील, कुणी म्हणतं जास्त विचारू नकोस, मिस्साला उशीर होतोय. मला उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला थोरला भाऊ आठवतो. धाकटा पैसे उडवून परत आला, बापाने वासरू कापलं, आत वाजंत्री. थोरला बाहेर अंगणात रुसून. बाप पंगत सोडून बाहेर येतो, त्याची समजूत घालतो. आणि गोष्ट तिथेच संपते. थोरला आत गेला की नाही ते येशूने सांगितलंच नाही.

बागेत पाणी सोडायचंय, पळतो.

शेवगाव_एसटी, मंगळवार दुपारी १२.३५

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, शुद्धलेखन बघू नका.

सगळे लई मोठमोठं बोलले. मी आमच्या आज्याचं सांगतो. आमच्या गावात महारवाड्यातल्या आणि मांगवाड्यातल्या घरांनी एकाच दिवशी बाप्तिस्मा घेतला. पाळक म्हणाले देवाची सगळ्यांवर सारखी प्रीती. सगळ्यांनी मान हलवली. मग पहिल्या प्रभुभोजनाला, म्हणजे उपासनेत भाकर-द्राक्षारस वाटतात तेव्हा, प्याला फिरला. एकच प्याला. आज्याच्या आधी मांगवाड्यातला एक म्हातारा पिला. आज्याने प्याला हातात घेतला आणि तसाच धरून बसला. आजी सांगायची, इतका वेळ धरला की मागचे लोक खाकरायला लागले. मग पिला. घरी येऊन दोन दिवस जेवला नाही.

आज्याला प्रीती काय ते त्या दिवशी कळलं, त्याच्या आधी नुसतं ऐकलेलं. सवर्णांनी आमचा स्पर्श टाळलेला आम्हाला कळत होता, आम्ही कुणाचा टाळतो ते प्याल्यामुळं कळलं. देव प्रीती करतो म्हणजे तुला आवडणार नाही अशा माणसावरपण करतो, आणि वर त्याच्याच उष्ट्यातून पाजतो.

लगेच हार घालू नका. लग्न जमवताना आमच्या मंडळीत आजपण विचारतात कुठल्या वाड्यातले. आणि १९५० च्या आदेशामुळं ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत, म्हणजे सरकारच्या लेखी बाप्तिस्मा झाला की जात गेली, गावाच्या लेखी आहे तिथंच. आज्याने हे दोन्ही भोगलं. तरी दर रविवारी पुढच्या बाकावर.

आता करोनानंतर आमच्याकडे बारके बारके वेगळे कप आले. स्वच्छ आहे. पण आज्याची गोष्ट आता पोरांना सांगून कळत नाही.

पुस्तककिडा_२, मंगळवार सायंकाळी ५.१५

शेवगाव_एसटी, हा प्रतिसाद जपून ठेवतोय.

पंडिता रमाबाईंचं नाव अजून कुणी कसं घेतलं नाही? १८७४ च्या दुष्काळी हालात आई-वडील गेले, १८८० मध्ये भाऊ, दोन वर्षांत नवरा. पदरात तान्ही मनोरमा. इंग्लंडला गेल्या आणि १८८३ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांना पटलं कशामुळे ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, आणि त्यात तत्त्वज्ञान फारसं नाही. लंडनमध्ये फुलमला सिस्टर्सचं एक घर होतं, ‘पतित’ म्हणवल्या जाणाऱ्या बायकांसाठी. सिस्टर्स त्यांच्याशी ज्या मायेने वागत होत्या ते बघून रमाबाई चक्रावल्या. आपल्याकडे अशा बाईला शास्त्रात काय शिक्षा आहे ते त्यांना तोंडपाठ होतं, सगळं संस्कृत त्यांच्या जिभेवर. त्यांनी विचारलं, तुम्ही असं का करता? तेव्हा त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. भर दुपारी विहिरीवर आलेली, पाच नवरे झालेली बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू.

मला यातलं आवडतं ते हे की रमाबाईंनी आधी माणसांचं वागणं पाहिलं, वचन मागून ऐकलं. आणि तरीही त्यांनी पुढे कबूल केलं की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षं मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. इतकं प्रामाणिक कोण लिहितं?

१८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून मुली आणून केडगावला ठेवल्या. पुढे हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणायचं काम घेतलं. १९२१ मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक, चाळिशीतली. आई त्यानंतर जेमतेम नऊ महिने जगली, आणि त्याही महिन्यांत भाषांतराचं काम चालू होतं. पुस्तक १९२४ साली बाहेर आलं. त्यांनी हे स्तोत्र, ही दहावी ओळ मराठीत आणताना त्यांच्या मनात काय आलं असेल, तेवढ्या एका गोष्टीसाठी मला कालप्रवास हवाय.

कोरडा_ठणठणीत, मंगळवार रात्री ९.४०

मी अजून तिथेच आहे, देव वगैरे मला पटत नाही. पण एक कबुली. विलापगीत काल रात्री पूर्ण वाचलं, पाचच अध्याय आहेत. सरांनी शेवट सांगितला नाही, मुद्दाम का? शेवटची ओळ साधारण अशी आहे: की तू आम्हाला अगदीच टाकून दिलंस? आमच्यावर फारच रागावलास? बस. तिसऱ्या अध्यायातलं ते सकाळी-नवी-होणारं वचन तिथे मदतीला येत नाही. पाचव्या अध्यायाला ओळी २२ आहेत पण अक्षरांचा क्रमही सुटलाय.

ज्याने हे असंच ठेवलं, दुरुस्त केलं नाही, त्या संपादकाबद्दल आदर वाटला.

ज्ञानोदयवाचक, मंगळवार रात्री १०.१०

मुद्दाम नाही सांगितला असं नाही. तीस वर्षं शिकवलं आणि अक्षरांचा क्रम तिथे सुटतो हे मुलांना कधी दाखवलं नाही. येत्या रविवारी दाखवतो.

पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रातही आठव्या अध्यायात यादी आहे: क्लेश, छळ, उपासमार, नग्नता, तलवार. यातलं काहीही ख्रिस्ताच्या प्रीतीपासून आपल्याला वेगळं करणार नाही. आम्ही ते वाचताना ‘यातलं काही आपल्यावर येणार नाही’ असं ऐकतो. पौलाने तसं म्हटलेलंच नाही. त्याच्यावर जवळजवळ सगळं आलं.

रानजाई, बुधवार रात्री १०.३०

सगळ्यांचे आभार. काल-आज ऑफिसात चोरून चोरून वाचत होते.

आज खाली गेले होते. स्मरणसभेच्या दिवशी मी दिलेला उपम्याचा डबा त्यांच्याकडे राहिला होता, तेवढं निमित्त. काकू मेथी निवडत होत्या. मीही बसले, एक जुडी ओढून घेतली. शनवारतेलींच्या थोरल्या मुलाच्या उपासाचं सांगितलं. त्यांना ते माहीत नव्हतं. ‘असं करतात होय,’ म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने परत, ‘चांगलं करतात.’

मग मी विचारलंच. काकू, तुम्ही त्या दिवशी दहाव्या ओळीला थांबलात.

मला वाटलं होतं रडतील. त्या हसल्या. म्हणाल्या, ‘तुझ्या लक्षात आलं? पाळकसाहेबांच्या कधी आलं नाही. ती ओळ मी आज नाही सोडली गं. हा पोटात होता तेव्हा सातव्या महिन्यात मंडळीत हेच स्तोत्र होतं. तेव्हापासून म्हणत नाही. पंचवीस वर्षं झाली.’

मी विचारलं, मग स्तोत्र बदलून घ्यायचं ना परवा, दुसरं सांगायचं. तर म्हणाल्या, ‘मीच सांगितलं होतं हे घ्या म्हणून. बाकीच्या म्हणायच्या होत्या मला.’

निवडलेली मेथी त्यांनी दोन वाटे करून एक माझ्या डब्यात कोंबली. झाकण लागत नव्हतं, तसाच वर घेऊन आले.